साडेबाराचं ऊन

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर वहिनीने रिपोर्टच्या कागदाची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा नीट घातली आणि पिशवीत भाजीच्या वर ठेवली. वर्षभर तिला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत होता. मांड्यांत, कमरेत, बरगड्यांत एक ठसठस, आणि नेमकं कुठे दुखतं असं विचारलं तर बोट ठेवता येत नाही. घरातल्यांनी सगळा दोष वयाला देऊन टाकला होता आणि तिनेही तो मान्य केला होता. रक्त तपासलं तेव्हा ड जीवनसत्त्व ९ निघालं. २०च्या खाली गेलं की कमतरता धरतात. डॉक्टर भला माणूस. त्यांनी नीट समजावून सांगितलं, आठवड्याला एक पुडी दुधातून घ्या म्हणाले आणि निघताना म्हणाले, “रोज सकाळी जरा कोवळ्या उन्हात बसत जा. आपल्याकडे उन्हाला काय तोटा?” रिक्षा आचऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत वहिनी गप्प होती. मग बाहेर बघत म्हणाली, “वन्सं, पण मी बसू खंय?”

मला उत्तर सुचेना. माझं माहेरच ते, कोपरान् कोपरा पाठ आहे. मनातल्या मनात मी घराला एक फेरी मारली. पुढचं खळं पूर्वी दिवाळीनंतर चोपून सारवायचे आणि त्यावर चुडतांचा माटव घालायचे. आता तिथे फरशी आहे आणि वर कायमचे पत्रे. त्या पत्र्याखाली भावाची खुर्ची, स्कूटर, पेपर, आणि आलागेला माणूस. पत्र्याच्या बाहेर जी दोन हात जागा उन्हात उरते ती रस्त्याला लागून. रस्ता रुंद झाल्यापासून डंपर आणि किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या दिवसभर तिथूनच जातात. मागच्या बाजूला बाव, म्हणजे विहीर, तिच्या काठावर फणस, पलीकडे माड आणि पोफळी, मध्ये केळी. भर दुपारी तिथे जमिनीवर कवडसे पडतात तेवढेच. गच्चीवर ऊनच ऊन आहे, पण वर जायला लोखंडी शिडी. ज्या बाईला चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागते तिने ती शिडी कशी चढायची?

त्या घरात तिला बसता येईल अशी उन्हाची जागा खरंच नव्हती.

आपली घरं बांधणाऱ्यांनी ऊन आणि पाऊस दोघांनाही बाहेर ठेवायचा विचार करून ती बांधली. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे दुसरं काय करणार? वाकून आत शिरावं लागेल इतकी उतरती पाखी, मग पडवी, मग ओटी, आणि सगळ्यांत आत माजघर. माझ्या लहानपणी माजघरात दुपारीसुद्धा तांदळातला खडा दिसायला दारापाशी यावं लागायचं. आजी, आई, काकू यांचा दिवस तिथेच जायचा. पुरुषांचा दिवस ओटीवर आणि खळ्यात. बाहेरून येणाऱ्याला कोकण म्हणजे झळझळीत किनारा दिसतो, पुळणीवर डोळे दिपतात. पण किनाऱ्यावर राहणाऱ्या बहुतेक बायकांचं आयुष्य माडांच्या सावलीत आणि कौलांच्या खाली जातं, आणि त्या सावलीचा आम्हाला अभिमानही आहे. वाडीतला गारवा, मे महिन्यात पायाला लागणारी शेणाची थंड जमीन, हे सगळं मलाही आवडतं. म्हणूनच वहिनीचा प्रश्न डोक्यातून जाईना.

माझी सगळी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली, त्यामुळे त्या रात्री मी पहिल्यांदा डॉक्टरांच्या ‘कोवळ्या उन्हा’शीच अडले. हा सल्ला आपल्या हाडीमांशी खिळलेला आहे. बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरायचं, म्हाताऱ्यांनी सकाळचं ऊन खायचं. ते ऊन सुखाचं असतं, अंग शेकतं, झोपेचं घड्याळ लागायला मदत होते, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण ड जीवनसत्त्वाचं काम त्याच्याकडून फारसं होत नाही. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्याच्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे अतिनील किरण पडले की तो बदलतो, आणि मग अंगाच्या उबेने त्याचं ड जीवनसत्त्व बनतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्यावर एकेक संस्कार करतात आणि तेव्हा कुठे ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायच्या कामाला लागतं. हे किरण नाजूक. सूर्य खाली असला की त्यांना हवेच्या जाड थरातून तिरकं यावं लागतं, आणि वाटेतला ओझोन त्यांना जवळजवळ संपवून टाकतो. खिडकीची काचही त्यांना अडवते. सकाळी सातला अंगावर येतं त्या उन्हात उजेड आहे, ऊब आहे, पण हे किरण नावापुरते.

ओळखायचं कसं, तर सावलीवरून. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर अजून वेळ झालेली नाही. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या वर आला, की त्या उन्हाचा उपयोग. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला खळ्याच्या कडेला नेऊन उभं केलं आणि दर थोड्या वेळाने सावली पावलांनी मोजली. मालवण १६ अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडातच गोळा होते. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला पत्ता लागत नाही. आणि अगदी डिसेंबरच्या अखेरीस, दिवस सगळ्यांत लहान असतो तेव्हासुद्धा, मध्यान्हीला तो ५० अंशांवर असतो. वर्षातला एकही दिवस असा नाही की मध्यान्हीला आपली सावली आपल्याहून मोठी पडेल. लंडनमध्ये त्याच दिवशी सावली माणसाच्या जवळजवळ चौपट पडते, तिथल्या हिवाळ्यातल्या उन्हात हे जीवनसत्त्व बनतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे आकाश निरभ्र असेल तर बारा महिने बनू शकतं. फक्त वेळ साधायला हवी, आणि ती घड्याळातल्या बाराची नव्हे. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला, त्यामुळे मालवणात सूर्य माथ्यावर यायला साडेबारा वाजून जातात.

साडेबारा म्हणजे कोकणातल्या बाईची ऐन घाईची वेळ. भात वैलावर, माशाचं कालवण उकळतंय, कुणाचा तरी जेवणाचा डबा, कुणाचं तरी गरम पाणी. आख्ख्या दिवसात तिला स्वयंपाकघरातून हलता येणार नाही अशी एक वेळ शोधायला सांगितली तर मी हीच सांगेन.

हे लक्षात आलं आणि मला आजी आठवली, कारण तिला मी त्या वेळी उन्हात पाहिलेलं आहे. मे महिन्यात, रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या दिवसांत. पाटीभर रातांबे फोडायचे, बिया आणि गर बाजूला काढून मीठ घालून मुरवत ठेवायचा आणि साली तट्ट्यावर पसरायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच खारट रसात त्या साली बुडवायच्या, निथळायच्या, पुन्हा वाळत घालायच्या. पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळत. साल काळसर, लवचिक होऊन हाताला चिकटायला लागेपर्यंत हे चालायचं. वरची बाजू सुकली की भर उन्हात एकेक साल उलटावी लागे. आजीचे हात कोपरापर्यंत लालजांभळे झालेले असत आणि त्या लालीवर मिठाचा पांढरा थर सुकलेला. शेजारी मिरच्या, फणसाची साठं, आंबापोळीची ताटं. खालच्या वाड्यात गाबितांच्या दारात बांगडे आणि तारल्या चिरून मीठ लावून पसरलेल्या. सगळ्याला कडकडीत दुपारच लागायची, सकाळच्या उन्हात काहीच वाळत नाही. कावळे आणि पोरं राखायला एक बाई तिथे बसलेली हवीच. आजी नऊवारी नेसायची, काष्टा वर खोचून, पोटऱ्या उघड्या, दंड उघडे, पाठीवरचा पदर घामाने बाजूला सरकलेला. ती अर्धा-पाऊण तास बसायची, मग पडवीत येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची, मग काकू जायची.

त्या उन्हाला तिच्याकडे कारण होतं, म्हणून ते तिला मिळत होतं.

आता आमसुलं बाजारातून येतात, निदान आमच्या घरी. मिरच्या दळूनच आणतो. वहिनी घरात गाऊन घालते, घोट्यापर्यंत आणि मनगटापर्यंत, वर ओढणी. सोयीचा आहे, मी तिला पुन्हा नऊवारी नेस म्हणणार नाही. पण हिशेब करायला बसलं तर उन्हात जायचा तास गेला आणि उघडं राहणारं अंगही गेलं. वर तिची साठी उलटलेली. वयाबरोबर कातडीतला तो मूळचा पदार्थच कमी होत जातो आणि म्हातारपणी निम्म्याच्या आसपास येतो. रंग सावळा. रंगद्रव्य किरणांना अडवतं, म्हणून सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा कितीतरी जास्त वेळ उन्हात राहावं लागतं. ऊन आपल्याकडे जास्त आहे म्हणून रंगही तसा आहे, निसर्गाने दोन्ही बाजू जुळवून ठेवल्या होत्या. त्यातलं ऊन आपण काढून घेतलं.

तरी आजीचे दिवस सोन्याचे होते असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. म्हातारपणी तिच्या पाठीला पोक आलं होतं, शेवटी ती जमिनीकडेच बघत चालायची. तिच्या रक्तात काय होतं ते कुणी कधी तपासलं नाही. वाळवणाचे महिने सोडले तर तीही माजघरातच होती. आणि तिच्या आधीच्या बायकांचं काय झालं असेल ते तर आणखी वाईट. १९२२ साली हचिसन आणि शाह या दोघांनी नाशिकमधल्या मुडदुसावर, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी मुलांची हाडं मऊ होऊन वाकतात त्या आजारावर, अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांना मुडदूस दिसला तो खाऊनपिऊन सुखी असलेल्या, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलांमध्ये. उन्हातान्हात कामाला जाणाऱ्या गरीब बायकांची मुलं, ज्यांना खायला त्यांच्याहून कमी होतं, ती त्यातून वाचलेली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत सव्वा महिना ठेवायची आपली रीत, तिच्या दुधात मुळातच कमी असणारं ड जीवनसत्त्व, आणि त्या खोलीतच वाढणारं बाळ. आता बालरोगतज्ज्ञ पहिल्या दिवसांपासून रोज ४०० युनिटांचे थेंब द्यायला सांगतात, आणि ते थेंब नेमाने पाजणारी तरुण आई दिसली की मला मनापासून बरं वाटतं.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगायची. १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण दिले आणि त्यांची हाडं सुधारलेली क्ष-किरण चित्रांत दाखवली. एका हातावर किरण दिले तर दुसऱ्या हाताचं हाडही बरं होत होतं. म्हणजे कातडीत जे काही बनतं ते रक्तातून सगळीकडे पोचतं. मुलं लगेच विचारायची, “मग बाई, एकच हात उन्हात ठेवला तर चालेल?” थोडं चालेल, म्हणायची मी, पण जितकी जास्त कातडी तितकं जास्त. मुलगे लगेच शर्टाच्या बाह्या वर करायचे. मुली हसायच्या आणि ओढण्या सारख्या करायच्या. तेव्हा मी पुढच्या धड्याकडे वळायची. आज वळले नसते.

“उनात जाव नको, काळी पडशीत गो,” हे वाक्य न ऐकता वाढलेली मुलगी आमच्या पंचक्रोशीत सापडणं कठीण. माझी भाची कुडाळला नोकरीला जाते. स्कूटर काढण्याआधी ती सनकोट चढवते, हातमोजे घालते, स्कार्फ असा बांधते की फक्त डोळे दिसावेत, त्यावर गॉगल. दिवसभर खिडकीशेजारी बसते, पण काचेच्या आत. मी तिला काही बोलले नाही असं नाही. ती म्हणाली, “आत्या, स्थळं बघतायत ना घरी.” काय उत्तर द्यायचं? धूळ आहे, घाम आहे, रस्त्यावरचे डोळे आहेत, हे सगळं तिच्या बाजूने खरं आहे. पण मुलीच्या रंगाची काळजी करणारं घर तिच्या हाडांची काळजी करायला विसरतं, आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत ती हाड ठणकतं म्हणाली की तिला वयाचं कारण सांगतं. यावर माझा जीव जळतो, आणि तो जळतो हे मी लपवणार नाही.

याच्या उलट माझा भाऊ. आंघोळ झाली की कमरेला पंचा, उघड्या अंगाने तो पायरीवर बसतो, दात कोरतो, वाटेवरच्या माणसाशी बोलतो. दुपारी माडांना पाणी लावायला जातो तेव्हाही अंगात गंजिफ्रॉक असला तर असला. त्याला कुणी उन्हात बसा म्हणून सांगावं लागत नाही आणि तो रिकामा बसलाय असंही कुणाच्या मनात येत नाही. पुरुषाचं बसणं हे गावात बसणं म्हणून मोजलंच जात नाही.

वहिनीचा रिपोर्ट नेमका पावसाळा सरल्यावरचा होता, हेही मला नंतर उमगलं. रक्तातला साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतो असं धरतात, आणि आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगच. त्यात खाण्यातून जे थोडंबहुत मिळतं त्याचीही वाट तेव्हाच बंद होते. अन्नात हे जीवनसत्त्व फार थोड्या ठिकाणी असतं, आणि त्यातली सर्वांत चांगली ठिकाणं म्हणजे चरबीचे मासे, म्हणजे आपले बांगडे आणि तारल्या. गरिबाच्या ताटातले मासे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग श्रावण आला की घरात मासे वर्ज्य. त्या काळात सड्यावर अळंबी येतात, ती चार तास उन्हात उलटी ठेवली, खालच्या पापुद्र्यांवर ऊन पडू दिलं, तर त्यांच्यातही ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार होतो. पण उन्हाची तिरीप तेव्हा अळंब्यांनाही मिळत नाही. ऑक्टोबरात आभाळ निवळतं, उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि दवाखान्यात अंग दुखतंय म्हणणाऱ्या बायकांची रांग लागलेली असते.

पुड्यांनी गुण आला, ते सांगायला हवं. एका पुडीत ६०,००० युनिटं, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. महिन्या-दीड महिन्यात वहिनी भिंत न धरता उठायला लागली. विकतचं म्हणून मी पुडीला कमी लेखत नाही, इतका तळ गाठलेला असताना नुसतं ऊन पुरलं नसतं. मात्र गुण आला म्हणून शेजारची एक बाई स्वतःच्या मनाने दुकानातून पुड्या आणून घेत राहिली होती. तिला मी हात धरून डॉक्टरांकडे नेलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, अती झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांवर बेततं. उन्हाने तसं कधी होत नाही. पुरेसं बनलं की तेच ऊन उरलेल्या मालाचं निरुपद्रवी काहीतरी करून टाकतं. शरीराने आणि सूर्याने मिळून ठरवलेला हा बंदोबस्त मला अजूनही थक्क करतो.

आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे लहानपणी रथसप्तमीला कशेळीच्या कनकादित्याला जाणं व्हायचं. सूर्याचं देऊळ. मूर्ती प्रभासपट्टणहून गलबतातून आली, असं तिथे सांगतात. घरी असलो तर आई खळ्यात गोवऱ्या पेटवून मातीच्या बोळक्यात दूध तापवायची, सूर्याकडे तोंड करून ते उतू जाईपर्यंत बसायची, आणि कुणी तिला आत हाक मारायचं नाही. पूजा, वाळवण, भातझोडणी, शेणी थापणं. उन्हात बसायला बाईकडे काहीतरी निमित्त असावं लागतं, आणि तिच्या स्वतःच्या हाडांचं निमित्त अजून गावात चालत नाही. वहिनी मला म्हणालीही, “रिकामा बसलेला बायलमाणूस बघून लोकां काय म्हणतली?”

बावीकडच्या फणसाची दक्षिणेकडची फांदी तोडली तर मागच्या दाराशी दुपारचं ऊन येईल, हे मी भावाला सुचवलं. तो म्हणाला, “त्या फांदयेक फणस लागतत.” वहिनी तिथेच होती. ती म्हणाली, “लागतत, आणि तुमी एक खावक नाय. मीच कापतंय, मीच वाटतंय.” इतकंच. फांदी उतरली. आता मागच्या दारी एका पाटाएवढी जागा साडेबाराला उन्हात येते. गाऊनच्या बाह्या वर करून, पाय पुढे पसरून ती अर्धा तास बसते. मेमध्ये हा अर्धा तास इतका सलग जमणार नाही, तेव्हा अंगाला चटका लागण्याआधी उठायचं आणि पाणी प्यायचं, हे आमचं ठरलं आहे. भात तेवढा वेळ सून बघते. हातात सूप मात्र असतंच. सूप ठेव म्हणून माझे तिच्याशी रोज शब्द होतात, आणि ती ऐकत नाही.

पण सगळ्यांच्याच मागच्या दारी तोडण्याजोगी फांदी नसते. तिच्यासारख्या नऊ-दहा जणी आमच्या वाडीत तरी मला नावानिशी माहीत आहेत. म्हणून मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला आहे. अंगणवाडीच्या मागे मोकळी जागा आहे, वर एकही झाड नाही. तिथे तीन बाक हवेत, आणि रस्त्याच्या बाजूने चिऱ्याचा गडगा, म्हणजे बायकांना हातपाय उघडे टाकून बसता येईल. महिला मंडळात वाचून दाखवला तेव्हा बायका म्हणाल्या, गडगा डोक्याइतका उंच घाला. अडचण अशी की रस्ता दक्षिणेला आहे, आणि थंडीत सूर्यही दक्षिणेला कलतो. गडगा जितका उंच, तितकी त्याची सावली बाकांवर. मी कागदावर आकृती काढून हिशेब केला. डिसेंबरात मध्यान्हीला पाच फुटी गडग्याची सावली साधारण चार फूट पडते. वहिनीने बसून बघितलं, बसलेली बाई पाच फुटांआड दिसत नाही. तेव्हा अर्जात असं लिहिलंय: गडग्याची उंची पाच फूट, आणि बाक त्यापासून पाच फूट आत.